स्केटबोर्ड: चाक बदललं तशी जागा बदलली, जागा बदलली तशी फळी

उतरण

स्केटबोर्डबद्दल मराठीत काही शोधायला गेलं की बहुतेक वेळा स्केटिंगच्या क्लासची माहिती समोर येते. आपल्याकडे स्केटिंग म्हणजे पायात बांधायचे स्केट्स. स्केटबोर्डवर पाय कशालाही बांधलेले नसतात, आणि त्याचं सगळं तंत्र या एका गोष्टीतून निघतं. म्हणून हा वेगळा धागा.

याचा इतिहास बहुधा खेळाडूंच्या नावांनी सांगितला जातो. पण एकेक सुटा भाग हातात घेऊन पाहिलं तर तो जास्त नीट उलगडतो, असं माझं ठाम मत आहे.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटा नसतील त्या दिवशी सर्फिंगवाली मुलं रोलर स्केटची लोखंडी चाकं फळीला ठोकून उतारावरून खाली यायची. १९६३ च्या सुमारास लॅरी स्टीव्हन्सन यांच्या मकाहा कंपनीचे तयार बोर्ड बाजारात आले. त्यांची चाकं 'क्ले'ची म्हणत, पण ही कुंभाराची माती नव्हे. दाबून घट्ट केलेलं कडक, ठिसूळ मिश्रण. लोखंडापेक्षा बरं, इतकंच. वाटाण्याएवढा खडा आडवा आला तरी चाक जागीच अडायचं आणि माणूस एकटाच पुढे जायचा. वळणावर चाक घसरायचं. आत सुट्या गोळ्यांची बेअरिंग. नट सैल झाला की गोळ्या रस्त्यावर. मे १९६५ मध्ये 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅकगी फळीवर हातांवर उलटी उभी राहिलेली दिसली. त्याच सुमाराला अपघातांमुळे शहराशहरांत बंदी येत होती, आणि पहिली लाट तिथेच ओसरली.

दुसरी लाट आणली युरेथेनने. व्हर्जिनियातल्या एका कारखान्यात रोलर रिंकसाठी युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची, चाकं बनायची. फ्रँक नॅस्वर्दीने ती स्केटबोर्डला लावून पाहिली आणि १९७३ पासून 'कॅडिलॅक व्हील्स' नावाने कॅलिफोर्नियात विकायला सुरुवात केली. युरेथेन खड्याभोवती क्षणभर दबतं आणि लगेच मूळ आकारात येतं. म्हणजे चाक खड्यावर चढून पलीकडे जातं आणि वळताना जमीन सोडत नाही. पाठोपाठ बंद बेअरिंग आली, सुट्या गोळ्या गेल्या.

चाक पकड घेऊ लागलं तसं तिरप्या भिंतीवर चढता येऊ लागलं. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला आणि घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. तिथले तलाव आपल्याकडच्यासारखे चौकोनी, काटकोनातले नसतात. तळाकडून भिंत गोलाईने वर उभी होत जाते. सांता मोनिकाच्या झेफिर दुकानाची मुलं त्या गोलाईवर लाट समजून फिरली. युरेथेनशिवाय ते कोरडे तलाव कोणाच्या काही कामाचे नव्हते.

मग खाजगी स्केटपार्क निघाले. विम्याचे हप्ते परवडेनात म्हणून १९८० च्या आसपास त्यांतले बहुतेक पाडले गेले. नॉर्वेने तर १९७८ ते १९८९ स्केटबोर्डवर देशभर बंदी घातली होती. पार्क गेले, राहिला रस्ता, फुटपाथची कड, जिना, कठडा. आज आपण ज्याला स्ट्रीट म्हणतो ते या नाइलाजातून आलं.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

सातपदरी

उत्तम सुरुवात. फळीबद्दल लिहितो.

आजची फळी हार्ड मेपल लाकडाच्या सात पातळ पदरांची असते. साधारण पाच पदरांचे रेषे लांबीच्या दिशेने, दोन आडवे. उभे पदर ताकद आणि उसळी देतात. आडवे नसतील तर फळी लांबीत चिरते आणि पीळ धरते. पदरांना सरस लावून साच्यात दाबतात, जाडी ११-१२ मिलिमीटर भरते. दोन्ही टोकं वर वळलेली, मध्ये कडेकडेने किंचित वाटीसारखी खोली. या खोलीमुळे पायाला कड न बघताही कळते आणि फळीला ताठपणा येतो.

शेपूट, म्हणजे फळीचं मागचं टोक, वर वळवण्याचं श्रेयही स्टीव्हन्सन यांचंच, १९६९ चं. तेव्हा उद्देश वळण्यासाठी टेकू मिळावा इतकाच होता. १९८० च्या दशकातल्या फळ्या रुंद, माशासारख्या आणि पुढचं टोक आखूड. पण रस्त्यावर फळी उलटसुलट फिरवायला लागल्यावर पुढचं टोकही लांब हवं झालं. १९८९ च्या सुमारास दोन्ही टोकांना वळण असलेल्या फळ्या आल्या आणि चार-पाच वर्षांत आइस्क्रीमच्या काडीसारखा आकार सगळीकडे ठरून गेला.

त्या मधल्या काळात चाकं ४० मिलिमीटरपर्यंत छोटी झाली होती. वजन कमी, फळी जमिनीलगत, गिरकी सोपी. पण फरशीच्या सांध्यात अडकायची, आणि वेग असा नाहीच. आता स्ट्रीटला ५० ते ५४ ही मधली वाट आहे. उतरण यांचा मुद्दा इथे उलटाही खरा ठरतो: आधी करामत बदलली, मग चाक.

चवडा

जिच्यामुळे रस्ता स्केटबोर्डचा झाला त्या ऑलीबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून.

फ्लोरिडात अ‍ॅलन गेल्फंडने १९७८ च्या सुमारास गोलाईच्या भिंतीवर हात न लावता फळीसकट हवेत जाऊन दाखवलं. त्याचं टोपणनाव ऑली, तेच करामतीला मिळालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडाच्याच रॉडनी मलनने ती सपाट जमिनीवर आणली. भिंत उसळी देत नाही म्हटल्यावर त्याने शेपूट जमिनीवर आपटून उसळी घेतली. मार्क गोन्झालेस आणि नाटास कॉपस यांनी तीच ऑली घेऊन बाक, कठडे, रेलिंग गाठले.

फळी पायाला चिकटते कशी, हा नेहमीचा प्रश्न. क्रम असा:

मागच्या पायाचा चवडा शेपटीच्या मधोमध, टाच उचललेली. पुढचा पाय पुढच्या बोल्टच्या (चाकांची जोडी फळीला बसवणारे) इंच-दोन इंच मागे, जरा तिरका. गुडघे वाकवून बसा, पण कमरेतून पुढे झुकू नका. वर उठताना पुढच्या पायावरचा भार आधी जातो, लगेच मागच्या घोट्याचा झटका शेपटीवर बसतो. शेपूट टेकून टक् आवाज येतो त्या क्षणी मागचा पाय हलका झालेला हवा. इथे सगळं ठरतं. भार राहिला तर शेपूट जमिनीला खिळते आणि फळी नुसती उभी राहते. नाक, म्हणजे फळीचं पुढचं टोक, वर आलं की पुढचा घोटा आत मुडपायचा आणि बुटाची करंगळीकडची कड ग्रिपटेपवरून (फळीवर चिकटवलेला खरबरीत कागद) नाकाकडे घासत न्यायची. हे घासणंच फळीला वर ओढतं आणि शेवटी पुढे ढकलून सपाट करतं. उतरताना दोन्ही पाय बोल्टवर.

कुठे बिघडतं: फळी हवेत आडवी होत असेल तर खांदे फिरताहेत, नजर आणि खांदे फळीच्या रेषेत ठेवा. मागची चाकं उठतच नसतील तर पुढचा पाय घासत नाही, नुसता वर उचलला जातोय. फळी पुढे निसटत असेल तर उडी मागे पडतेय. आणि पाय फळीच्या मध्यावर पडत असतील तर फळी मधोमध मोडणार, आज ना उद्या.

करंगळीपाशी बूट सर्वांत आधी फाटतो तो या घासण्यामुळे. कापडी बूट फार लवकर जातो. स्वेड चामडं टिकतं.

कठडा

जागांबद्दल.

गंमत ही की स्केटबोर्डच्या सर्वांत पूज्य जागा स्केटबोर्डसाठी कोणी बांधल्याच नव्हत्या. सॅन फ्रान्सिस्कोचं एम्बार्काडेरो, फिलाडेल्फियाचं लव्ह पार्क, बार्सिलोनात समकालीन कला संग्रहालयासमोरचा चौक. तिन्हीकडे तेच: मोकळी फरसबंद जागा, गुडघ्याच्या आसपास उंचीचे कठडे, ओळीने पायऱ्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या वास्तुरचनाकारांनी लोकांना बसायला म्हणून हे केलं.

लव्ह पार्कची मूळ कल्पना फिलाडेल्फियाचे नगररचनाकार एडमंड बेकन यांची. २००२ मध्ये शहराने तिथे बंदी कडक केली तेव्हा ९२ वर्षांचे बेकन हेल्मेट घालून, माणसांचा आधार घेऊन स्वतः फळीवर उभे राहिले आणि आपल्याच चौकात बंदी मोडून दाखवली. शहर तरी बधलं नाही. २०१६ पासूनच्या नूतनीकरणात जुना चौक गेला.

लंडनच्या साउथबँकला मात्र लोक जिंकले. थेम्सकाठच्या कलासंकुलाखालच्या काँक्रीटच्या तळघरात १९७० च्या दशकापासून मुलं खेळतात. २०१३ मध्ये तिथे दुकानं काढायचं ठरलं, मोठी मोहीम झाली, आणि २०१४ मध्ये ती जागा तशीच राखायचा लेखी करार झाला. पोर्टलंडमध्ये १९९० साली बर्नसाइड पुलाखाली मुलांनी परवानगी न घेता स्वतः सिमेंट कालवून उतार घातले. पालिकेने नंतर मान्यता दिली.

या खेळात जागेचं नाव माणसाच्या नावाइतकं चालतं. त्या अमुक कठड्यावर कोणी काय केलं हे पुढच्या पिढीला तोंडपाठ असतं, आणि केलेली करामत तिथेच पुन्हा करून मिरवणं कमीपणाचं मानतात. नवं काही करा, नाहीतर तिथे करू नका. पुरावा म्हणजे चित्रफीत, गुण नव्हेत.

तपशील: दगडी कडेवर ट्रक (चाकांची जोडी धरणारा, फळीखालचा धातूचा भाग) घासतो तो ग्राइंड, फळी घासते ती स्लाइड. खरबरीत कडेला साधी मेणबत्ती घासतात. फक्त जिथे घासायचं तिथेच, पातळ. जमिनीवर मेण सांडलं तर पुढच्याचा पाय मोडेल. आणि मेणामुळे कड काळी पडते, हे खरं आहे. लोकांच्या तक्रारीला कारण असतं, ते मान्य करावं.

मृणाल_ठाणे

वाचतेय, छान चाललंय. एक व्यावहारिक प्रश्न: दहा वर्षांच्या मुलीसाठी पहिला बोर्ड घ्यायचाय. सोसायटीत पेव्हर ब्लॉक, बाहेर डांबरी रस्ता. खेळण्यांच्या दुकानातला चालेल का?

सातपदरी

मृणालताई, खेळण्यांच्या दुकानातला नको. त्याचे ट्रक प्लास्टिकचे किंवा वळतच नाहीत असे, चाकं टणक प्लास्टिकची. नख रुतत नाही आणि चाक जमिनीवर टाकलं तर खडखडतं, उसळत नाही. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी सुटलेला क्ले चाकाचा प्रश्न पुन्हा तिच्या पायाखाली येतो.

दहा वर्षांच्या मुलीला ७.२५ ते ७.७५ इंच रुंदीची सात पदरी मेपलची फळी. मोठ्या माणसाला ८ ते ८.५. ट्रकच्या अ‍ॅक्सलची लांबी फळीच्या रुंदीइतकी, फार तर पाव इंच इकडेतिकडे. बेअरिंग ६०८ मापाची: आतला व्यास ८, बाहेरचा २२, रुंदी ७ मिलिमीटर. एका चाकाला दोन, एकूण आठ.

तुमच्या जमिनीला चाक महत्त्वाचं. चाकाचा टणकपणा ए मापावर मोजतात, आकडा मोठा तितकं चाक टणक. पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक सांध्याला कड मारलेली असते. ५२ मिलिमीटरचं ९९ ए चाक त्यावर दात वाजवतं. ७८ ए, ५६ ते ६० मिलिमीटर घ्या. एवढं मोठं चाक वळताना फळीला खालून घासून अचानक थांबतं, म्हणून ट्रक आणि फळीमध्ये ३ मिलिमीटरची रबरी पट्टी टाका आणि तेवढे लांब बोल्ट घ्या. पुढे ऑली शिकायची वेळ आली की गुळगुळीत कोबा शोधा आणि ९९ ए लावा; मऊ चाकावर फळी जड वाटते, घसरवताही येत नाही.

ट्रकच्या मधल्या बोल्टचा नट घट्ट आवळून देतात, लहान मुलांना त्याने वळताच येत नाही. फळीवर उभं राहून टाचेवर आणि चवड्यावर भार दिल्यावर ती आरामात कलेल इतका सैल करा. नटाचा वरचा काठ आणि बोल्टचं टोक सपाटीत आलं की पुढे सोडू नका.

हेल्मेट सायकलचं नाही, स्केटचं: मागचा भाग खालपर्यंत झाकणारं, आत एएसटीएम एफ १४९२ लिहिलेलं. मनगटाचे गार्ड आवर्जून घ्या. पडताना हात आपोआप पुढे जातो, नवशिक्यांचं मनगटच आधी मोडतं.

घोटाई

पार्क बांधण्याबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो, कारण आपल्याकडे पैसा खर्चूनही चुका होताना दिसतात.

भारतात ही चळवळ खेळणाऱ्यांनीच उभी केली. बंगळुरूच्या होलीस्टोक्ड गटाने स्वतः काँक्रीट घालायला शिकून पार्क बांधले. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड यांच्या पुढाकाराने पार्क झाला. तिथले दोन नियम: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. तिथली आशा गोंड २०१८ मध्ये चीनच्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. इमारतीच्या ठेकेदाराकडून पार्क बांधून घेणाऱ्या पालिकांनी जनवारचं काम आधी बघावं.

गोलाईच्या भिंतीला काँक्रीट ओतायचं नसतं, नोझलने जोरात मारायचं असतं किंवा कोरडं मिश्रण हाताने रचायचं. ओतलं तर खाली ओघळतं आणि गोलाईला पोट येतं. त्रिज्येचा प्लायचा साचा कापून दर फुटाला फिरवून बघावा. चार फूट उंचीला साधारण सात ते साडेसात फूट त्रिज्या. त्याहून कमी केली तर भिंत अंगावर येते. घोटाई लोखंडी थापीने, चकाकी येईपर्यंत. झाडू मारलेला खरबरीत पृष्ठभाग पायवाटेला चालेल, इथे चाक घसरायला नको तसं अडायलाही नको, आणि पडल्यावर कातडं सोलतं. निदान सात दिवस ओली पोती ठेवून पाणी. आपल्या उन्हात दुपारी घातलेलं काँक्रीट पाण्याविना संध्याकाळपर्यंत केसासारखं तडकतं.

वरच्या कडेचा पाइप ५० एनबीचा, बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर. तो पृष्ठभागापेक्षा साधारण ६ ते १० मिलिमीटर बाहेर. समपातळीत बसवला तर ट्रकला पकड सापडत नाही. जास्त बाहेर आला तर उतरताना मागचं चाक अडकून माणूस तोंडावर. सर्वाधिक ठिकाणी चुकतं ते हेच, आणि नंतर दुरुस्त होत नाही.

लाकडी रॅम्प करायचा तर प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन. साधा प्लाय कोकणात एका पावसात फुगतो. आडव्या पट्ट्या आठ इंचांवर, वर दोन थर, थरांचे सांधे एकमेकांवर येऊ देऊ नका, स्क्रूची डोकी एक-दोन मिलिमीटर आत.

कठडा

घोटाई, सोनं लिहिलंत. ऑलिम्पिकबद्दल मात्र माझी तक्रार आहे. टोकियोत स्ट्रीटमध्ये ४५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि पाच सुट्या करामती, सातांपैकी उत्तम चार धरायचे. पॅरिसला बदलून उत्तम एक फेरी आणि उत्तम दोन करामती. नियम बदलला की शैली बदलते. जोखमीऐवजी हमखास जमणारं करणं फायद्याचं ठरतं.

चवडा

कठडा, असहमत. पॅरिसचा नियम जोखमीला वाव देतो: पाच करामतींत तीन फसल्या तरी चालतं. युटो होरिगोमेने शेवटच्या प्रयत्नात सुवर्ण खेचलं ते म्हणूनच. आणि टोकियोत मोमिजी निशिया १३ व्या वर्षी जिंकली, दुसरी आलेली रायसा लियालही १३ चीच. जगभरच्या मुलींनी ते पाहिलं. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय स्पर्धांतही स्केटबोर्डिंग होतं. पदकाशिवाय कोणती पालिका पार्कला जागा देते, ते सांगा.

चित्रफितींची परंपरा त्याने बुडत नाही. दोन्ही शेजारी चालतील.

उतरण

दोघांचंही पटतं, पण पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा निगा सांगून ठेवतो.

ओली फळी म्हणजे मेलेली फळी. सरस सुटतो, शेपटीला थर फुटतात आणि टक् ऐवजी बद्द आवाज येतो. भिजलीच तर उभी करून सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर पीळ धरते.

बेअरिंग भिजली तर त्याच दिवशी काढा. अ‍ॅक्सलचा नट १३ च्या पान्याने काढा, चाक अर्धंच अ‍ॅक्सलवर चढवून बेअरिंगच्या कडेला टेकू द्या आणि चाक तिरपं फिरवा, बेअरिंग बाहेर येते. टाचणीने झाकण उचला, काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोन घालून हलवा, दोनदा. रबरी झाकण अ‍ॅसिटोनमध्ये टाकू नका, खराब होतं. फुंकून पूर्ण कोरडी करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. जास्त तेलावर धूळ बसून लापशी होते. खोबरेल नको, थंडीत थिजतं. गंज उतरवायचे फवारे नुसते मारून सोडू नका. ते धुतात, पण वंगण म्हणून टिकत नाहीत.

परत घालताना दोन बेअरिंगमधली छोटी नळी विसरू नका. ती नसेल तर नट आवळला की बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि चाक जड फिरतं. नट पूर्ण आवळून पाव फेरी सैल, चाकाला किंचित खडखड राहील इतका.